टिटवीचा आवाज

माणसांनी माळ नांगरायच्या आधीची गोष्ट. माळावर मुंगसाचं राज्य आलं आणि पहिलाच हुकूम सुटला, कुणी ओरडायचं नाही.

टिटवा घाबरला. "चल, नदीपलीकडच्या राज्यात जाऊ. तिथं कशी शांतता आहे बघ!"

"तू अंड्यांवर बस. मी आधी बघून येते," टिटवी म्हणाली.

पलीकडे टिटव्या होत्या, पण एकाही खळग्यात अंडं नव्हतं.

"आमचाही राजा मुंगूसच," एक म्हातारी टिटवी पुटपुटली. "हुकूम सुटला त्या दिवशी आम्ही गप्प बसलो, बाई."

टिटवी तडक घरी परतली. गवतात मुंगसाचं शेपूट हललं, तशी ती अंड्यांपुढे पाय रोवून उभी राहिली आणि अख्खा माळ दणाणेल अशी ओरडली.

टिटव्यानं एकदा नदीकडे पाहिलं. मग तोही ओरडू लागला.