कुंपणाबाहेरची गोजरी

प्रवरेच्या खोऱ्यात पिंपळदरी नावाचे एक लहानसे गाव होते. पटकीच्या साथीच्या त्या काळ्या वर्षी प्रभू येशूचे दास शरणानंद महाराज तेथे मुक्कामास होते. अंगावर भगवी कफनी, हाती एकतारी, आणि निजायला प्रार्थनामंदिरामागचा गोठा. कारण मंदिराची पक्की खोली पंडित शद्रकराव पाटोळे यांच्याकडे होती.

पंडितांना ग्रीक आणि हिब्रू येत असे, आणि त्यांना ते येते हे गावातल्या शेरडांनाही ठाऊक होते. बाप्तिस्मा कोणाला द्यायचा हे तेच ठरवीत. त्यांचा सिद्धांत नेटका होता: आधी माणसाने विश्वास धरावा, मग देवाने त्याला नवा जन्म द्यावा. देवाने आपली पाळी येईपर्यंत थांबावे, अशी व्यवस्था त्यांनी अत्यंत आदरपूर्वक लावून दिली होती.

मंदिर झाडणारी साळूबाई याच ख्रिस्ती मंडळीतली. ती आणि तिचा नवरा उतारवयात ख्रिस्ती झाले. नवरा वारला, दफनभूमीत निजला. मागे उरली तरणी लेक गोजरी. जन्माची मुकी, बुद्धीने अधू, आणि म्हणून अजून बाप्तिस्म्यावाचून. बाप्तिस्मा नसलेल्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरण्याची तिथे रीत होती. साळूबाईला जगात दुसरी धास्ती नव्हती.

एका रविवारी उपासना संपताच तिने पंडितांपुढे पदर पसरला.

"पंडितजी, माज्या गोजरीला बाप्तिस्म्याचं पानी द्या. वरच्या आळीत पटकी आलीया. उद्या काय इपरीत झालं तर तिला बापाशेजारी निजू द्या."

"तिला विचार, विश्वास धरतेस का? हो म्हणाली की आत्ता देतो."

"मुकी हाय वो ती! पन भजन लागलं की तिच्या डोळ्यांस्नी धार लागती."

"धार कांदा चिरतानाही लागते, साळूबाई. असा बाप्तिस्मा द्यायचा तर माझ्या बैलालाही द्यावा लागेल. घंटा वाजली की तोही मान डोलावतो!"

मंडळी हसली. पंडितांचा तरुण मुलगा योनाथान सर्वांत मोठ्याने हसला. त्याने आपल्या विश्वासाची साक्ष इतकी अस्खलित दिली होती की गोऱ्या मिशनरी साहेबांनी ती पुन्हा म्हणून घेतली होती. गोजरीही हसली. सगळे आनंदात आहेत, एवढेच तिला कळले.

महाराज पुढे आले. "पंडित, तुम्ही आईवर भरवसा ठेवलात म्हणून जन्मलात, की जन्मलात म्हणून भरवसा ठेवू शकलात?"

"दृष्टांत गोड आहे, महाराज, पण कीर्तनापुरता. देव दार ठोठावतो. उघडणे माणसाकडे."

"आणि आतला माणूस मेलेला असेल तर?"

"तर दार बंद राहील. मी काय करणार?"

"पाणी देण्याचा अधिकार तुमचा आहे, मी नुसता गाणारा," महाराज म्हणाले. "पण हा नियम तुमच्यावर कधी चालून न येवो."

आठवडा उलटण्यापूर्वी पटकी खालच्या आळीत उतरली. तिने कोणाचीही परीक्षा घेतली नाही. गोजरी पहाटे गेली. योनाथान न्याहारीच्या वेळी.

दुपारी कुंपणाच्या आत योनाथानची शिसवी शवपेटी ठेवली होती आणि भोवती मंडळी उभी होती. बाहेर, निवडुंगाच्या कडेला, घोंगडीत गुंडाळलेली गोजरी. तिचा खड्डा स्वतः महाराज खणीत होते. साळूबाई रडतही नव्हती. "इतकं लांब," एवढेच ती म्हणत होती, "इतकं लांब."

ते ऐकून महाराजांच्या हातची कुदळ गळाली. ते प्रेताशी गुडघे टेकून बसले, खूप रडले, आणि मग साध्या आवाजात म्हणाले, "गोजरी, ऊठ. प्रभू बोलावतो आहे."

घोंगडी हलली! भक्तहो, क्रम नीट पाहा. आधी छाती वर आली. मग डोळे उघडले. त्यानंतर कुठे हात निघाला आणि आईचा पदर चाचपू लागला.

"माजी बाय! माजी बाय गं!" साळूबाईने हंबरडा फोडला.

पंडित काट्यांतून धावत आले. धोतर फाटले, पोटऱ्या रक्ताळल्या. "महाराज, माझ्या योनाथानला हाक मारा! त्याने तर विश्वास धरला होता! सगळ्यांदेखत बोलला होता तो!"

महाराज आत गेले. पेटीशी गुडघे टेकले. त्याच आवाजात, तीच हाक मारली. मग पुन्हा मारली. पेटीवर एक माशी बसली होती, ती उडाली नाही.

"हिला का? आणि त्याला का नाही?"

"हाक माझी होती, पंडित. जीव माझा नव्हता." महाराजांनी पेटीवर हात ठेवला. "का, ते मला ठाऊक नाही. तुमचा मुलगा ज्याच्या हाती आहे त्याचे हात चांगले आहेत, एवढंच ठाऊक आहे. प्रार्थना करा."

पंडित गुडघ्यांवर आले. प्रार्थना त्यांना तीन भाषांत येत होत्या. एकही उठली नाही. ओठ हलत राहिले. शेवटी ते म्हणाले, "महाराज, आत काही नाही. नुसता दगड आहे. मला विश्वास धरता येत नाही. जीव तोडून धरू म्हणतो, तरी येत नाही!"

मंडळी चार पावले मागे सरली. महाराज मात्र त्यांच्याजवळ त्या उकरलेल्या मातीत बसले आणि त्यांनी पंडितांचे डोके छातीशी धरले.

"मग भिऊ नका," महाराज म्हणाले. "आपण मेलो आहोत हे मेलेल्याला कळत नसतं. तुम्हाला कळलं. ते कळणं तुम्ही कमावलेलं नाही."

योनाथानला माती दिली. ते दुःख त्या दिवशी हलके झाले नाही, आणि पुढेही झाले नाही. माती देऊन पंडित कुंपणाबाहेर गेले. साळूबाईच्या मांडीवर गोजरी आईचा पदर धरून पडली होती. तिचे पाय मातीने भरले होते. ग्रीक आणि हिब्रू जाणणाऱ्या त्या माणसाने त्या पायांवर मस्तक ठेवले, आणि बराच वेळ उचलले नाही. साळूबाईने त्यांना उठवले नाही. तिने घोंगडी थोडी सरकवून त्यांच्या गुडघ्यांखाली घातली.

ज्यांना विश्वास येत नाही, आणि येत नाही म्हणून ज्यांना रडू येते, त्यांच्या कानी ही कथा पडो.