सुंद्राक्काची फुंकर

सकाळचे सव्वासात. शिरोळ तालुक्यात, नदीच्या अलीकडे तीन पॉलिहाउस. त्यांच्यामागे पत्र्याची एक खोली. खिडकी नाही. दार बंद. भिंतीत हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा, तोही बंद.

“मग कार्डावर कचरा राहतोच कसा, आक्का?”

विचारणारा अभिनंदन मगदूम. वय एकतीस, कृषी विद्यापीठाची एमेस्सी, तिन्ही पॉलिहाउसचा मालक. आत टोमॅटो आहे. गेल्या दोन वर्षांत त्यावर औषधाचा एक थेंब पडलेला नाही. तसा फलक त्याने रस्त्यावर लावला आहे.

ज्यांना विचारलं त्या सुंद्राबाई भंडलकर. वय सदुसष्ट. एका संशोधन केंद्राच्या कीटक खोलीत एकतीस वर्षं मजूर होत्या, आता निवृत्त. हुद्दा शेवटपर्यंत तोच. त्या केंद्रातून शिकून गेलेले निम्मे शास्त्रज्ञ हे काम त्यांच्या हाताखाली शिकले. त्यातल्या एकाच्याही पुस्तकात त्यांचं नाव नाही.

सगळे त्यांना आक्का म्हणतात.

आक्का स्टुलावर बसल्या होत्या.

“तू एमेस्सी न्हवं? पुस्तकात काय लिवलंय?”

“पुस्तकात पंखा चालू ठेवा म्हणून लिहिलंय. पण पंखा लावला की ताटातली अंडी उडतात. मी बंद केला. कार्डं दीडपट निघाली, आक्का. दीडपट.”

“शाना झालास.”

काम असं आहे. टोमॅटो पोखरणाऱ्या अळीचा पतंग पानावर अंडी घालतो. टाचणीच्या डोक्याहून लहान एक माशी त्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते. अळी जन्मालाच येत नाही.

ही माशी हवी तर तिला अंडी पुरवावी लागतात. म्हणून या खोलीत धान्यातले पतंग पाळतात. मक्याच्या भरड्याचे ऐंशी ट्रे. रोज पहाटे बायका पतंग गोळा करतात, त्यांची अंडी ताटात झाडतात, साफ करून पत्त्याएवढ्या कार्डावर चिकटवतात. एका कार्डावर वीस हजार. त्यावर माशी सोडतात. मग ते कार्ड टोमॅटोच्या पानाला टाचतात.

“जीव मारायचा न्हाई म्हणून फवारणी सोडलीस,” आक्का म्हणाल्या. “आन मारणारे पाळलेस.”

अभिनंदन हसला. “आमचे जैन मुनीमहाराजही हेच विचारतात. मी टोमॅटोचा विषय काढतो.”

आक्काही हसल्या. हसणं अर्ध्यावर थांबलं.

…

“आक्का, चेष्टा राहू दे. आसपासच्या साठ पॉलिहाउसना कार्डांचा शब्द दिलाय. चार दिवसांत टोमॅटोवर पतंग अंडी घालायला लागणार. तोवर कार्डं पोचली नाहीत तर लोक पुन्हा फवारणीकडे जातील. आणि मी तोंडावर पडेन.”

“मग?”

“सोमवारपासून बारा बायका लावतोय. ट्रे दुप्पट. कचरा तेवढा निघत नाही. चाळून झालं तरी पंखांची पूड अंड्यांत राहते. पूड राहिली की माशी कार्डाकडे फिरकत नाही. पुण्याहून यंत्र आणलं, त्याने अंडी फुटली. ही पूड फक्त तुमच्या फुंकरीने जाते. त्या बाराजणींना फुंकर शिकवा.”

ही फुंकर खरी होती. त्या केंद्रात पाहुणे आले की आक्कांना बोलावून घेत. त्या ताटावर वाकत. जोर जास्त झाला तर अंडी उडतात, कमी झाला तर पूड राहते. आक्कांच्या एका फुंकरीत पूड ताटाच्या काठाबाहेर जाई, अंडी जागच्या जागी. पाहुणे टाळ्या वाजवत. केंद्राला या कार्डांसाठी तीन पुरस्कार मिळाले. तिथलाही पंखा बंद असे. तो कुणी बंद करायला लावला, हे एकाही अहवालात नाही.

खोलीच्या कोपऱ्यात रेश्मा नदाफ पतंग गोळा करत होती. इथे आठ महिने झाले तिला. तोंडाला ओढणीचं टोक बांधलेलं. तिला खोकला आला. तिने पतंग पकडायची काचेची नळी बाजूला ठेवली, खोकून घेतलं, पुन्हा नळी उचलली.

“कवापासनं?” आक्कांनी विचारलं.

“गारठ्याचा आहे,” अभिनंदन म्हणाला.

“तुला न्हाई इचारलं.”

रेश्माने मालकाकडे पाहिलं. मग आक्कांकडे.

“दिवाळीपासनं, आक्का. रातचं जास्त. रविवारी नसतो.”

“रविवारी काय करतीस?”

“घरीच असते.”

…

अभिनंदनने पितळी ताट त्यांच्या पुढ्यात सरकवलं. पहाटेपासूनची अंडी त्यात होती, पांढुरकी, खसखशीहून बारीक. त्यावर करडी पूड.

“एकदा दाखवा. मी फोनवर चित्रीकरण करतो. बायकांना तेच दाखवीन, तुम्हाला रोज यायचा त्रास नको.”

“काढ.”

त्याने फोन धरला.

आक्कांनी पदर खोचला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ताटावर वाकल्या. ओठ गोल केले.

पूड हलली नाही.

त्यांनी मान वर केली. श्वास घेतला. घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज आला. पुन्हा वाकल्या.

पूड हलली नाही.

तिसऱ्यांदा वाकल्या. या वेळी नुसता आवाज आला. ताटाच्या काठावरचा एक करडा कण थरथरला आणि तिथेच राहिला.

रेश्माचे हात थांबले होते.

अभिनंदनने फोन खाली घेतला.

“न्हाई, काढ,” आक्का म्हणाल्या. “ही शिकवायची न्हवं त्यास्नी?”

…

“आक्का, तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तू अंड्याचं इचारत हुतास.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“विडी वडता का म्हनले.”

बाहेर कुणीतरी मोटर सुरू केली. पॉलिहाउसच्या नळ्यांत पाणी चढल्याचा आवाज आला.

मग अभिनंदन उठला. ताट झाकायला त्याने हात पुढे केला. झाकलं असतं तर अंडी वाचली असती. हात तसाच मागे घेतला. भिंतीपाशी गेला आणि पंख्याचं बटण दाबलं.

पाती आधी कुरकुरली, मग फिरली. पात्यांच्या फटींतून उजेड आत आला आणि त्या उजेडात खोलीतली हवा दिसली. ती करडी होती. ट्रेंवरून, बायकांच्या बसण्याच्या जागेवरून, आक्कांच्या डोक्यावरून पूड उठली आणि पंख्याकडे ओढली गेली. तिच्याबरोबर ताटातली अंडीही गेली. साठांतल्या कितीतरी पॉलिहाउसची कार्डं त्यात होती. तो पाहत उभा राहिला.

“रेश्मा, बाहेर जाऊन बस,” तो म्हणाला. “आज काम नाही. खाडा लागणार नाही.”

रेश्मा गेली. दार उघडंच राहिलं.

अभिनंदन आक्कांसमोर जमिनीवर बसला. बोलला तेव्हा आवाज पुन्हा मालकाचा झाला होता.

“पंखा बंद होणार नाही. साठही जणांना आज फोन करून सांगतो, कार्डं निम्मीच मिळतील. सोमवारी बाराच्या बारा बायकांना मास्क देतो. चांगले, फिल्टरचे. आक्का, मी त्या केंद्रासारखा नाही. लेखी देतो. रजिस्टर ठेवतो.”

आक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. पंख्याच्या वाऱ्याने त्यांचे कपाळावरचे केस उडत होते.

…

“केंद्रातबी मास्क आले हुते, अभिनंदन. आमी कुनी बघितले न्हाईत. मिळाल्याच्या नऊ सह्या हायत त्यांच्या रजिस्टरात, त्या मी बघितल्यात… आमच्या नऊजणींतल्या चौघींना लिवाया येत न्हवतं.”