कलेक्टरसाहेबांचे गिअर

साताऱ्याच्या श्रीरंगला चढावर क्लच कधी जमलाच नाही. पुढे न्यायला गेला की गाडी हटकून मागच्या रिक्षेवर आदळायची. म्हणून त्याने ऑटोमॅटिक घेतली. पण त्याचे सासरे अप्पा, निवृत्त कलेक्टर, चारचौघांत म्हणायचे, "गिअर न टाकता गाडी चालवतो तो कसला मर्द!" ऐकून ऐकून श्रीरंगने गाडीला क्लच-गिअर बसवून घ्यायचं जवळजवळ ठरवलं.

बारशाच्या पंगतीत अप्पांनी पुन्हा तेच काढलं. श्रीरंगने अदबीने विचारलं, "अप्पा, नोकरीत तुमच्या गाडीचे गिअर कोण टाकायचं?"

"सरकारी ड्रायव्हर! मी नुसतं 'चल' म्हणायचो."

"म्हणजे तीही ऑटोमॅटिकच की! मी एवढा नेभळट, तरी ब्रेक माझा मीच दाबतो."

पंगत खदखदून हसली. अप्पांनी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली ती खाली ठेवेनात, आणि क्लचचा बेत तिथेच बारगळला.