माहेरचं विरजण

फ्रिज घरोघरी यायच्या कितीतरी आधी, गोदाकाकूंच्या फडताळात दह्याचं एक गाडगं होतं. दही रोज पानात जाई. तळाशी चमचाभर विरजण तेवढं मागे राही आणि आतल्या आत जळफळे.

"दह्याचं कौतुक साऱ्या पंगतीत, आणि मी मेलं अंधारात!"

गाडगं म्हणालं, "अरे, काकूंनी लग्न होऊन येताना तुला माहेराहून पदराखाली झाकून आणलंय."

"मग पाहुण्यासारखं वाढा की मला!" विरजण फणकारलं.

एके दुपारी जाऊबाई जेवायला आल्या. कढीला आंबटपणा कमी पडला. काकू घाईने गाडग्याकडे आल्या, तसं विरजण मुद्दाम तळभर पसरलं आणि पुष्कळ दही असल्यासारखं दिसलं. काकूंनी ते सगळं खरवडून कढीत घातलं.

भुरका मारून जाऊबाई म्हणाल्या, "कढीतलं आलं काय सुरेख लागतंय हो!"

संध्याकाळी दूध कोमट झालं. काकूंनी गाडग्यात पाहिलं, आणि विरजण मागायला वाटी घेऊन शेजारी गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका जेवताना थबकले. "आज दही वेगळं लागतंय गं."

"शेजारचं आहे," काकू म्हणाल्या. "माझ्या माहेरचं काल कढीत गेलं."