चुटुक आणि लाल डोळ्याचा इन्व्हर्टर

एक होतं पिल्लू. पिवळं पिवळं, कापसाच्या बोळ्याएवढं. त्याचं नाव चुटुक.

चुटुक कालच अंड्यातून बाहेर आलं. त्याची दोन भावंडं अजून अंड्यातच होती. अंडी होती एका पेटीत. पेटीत होता एक बल्ब. बल्बच्या उबेत अंडी उबत होती.

सकाळी काय झालं? टप्! बल्ब विझला.

चुटुकने अंड्यांना गाल लावला. बाई गं! अंडी गार पडत होती.

"बल्बदादा, बल्बदादा, पेट ना!"

"मी नाही पेटणार. इन्व्हर्टरने वीज दिली, तरच पेटेन."

चुटुक निघालं. तुरु तुरु, तुरु तुरु.

भिंतीवर होता इन्व्हर्टर. उन्हापासून वीज देणारा मोठ्ठा डबा. डोळा लाल लाल!

"इन्व्हर्टरकाका, चाला ना! बल्ब पेटेना, अंडी गार, मी काय करू?"

"मी नाही चालणार. आज सकाळी माझ्यात भलत्याच देशाचं नाव टाकलंय. देशादेशाची वीज वेगळी. म्हणून तारेतली वीज मला परकी वाटते. मावशीने नाव बदललं, तरच चालेन."

तुरु तुरु, तुरु तुरु.

अंगणात होती अनसूयामावशी. तिनेच तर आज सकाळी इन्व्हर्टर बसवला.

"मावशी, मावशी, नाव बदल ना! इन्व्हर्टर चालेना, बल्ब पेटेना, अंडी गार, मी काय करू?"

"अरेच्चा! चुकलंच की माझं! पण अक्षरं बारीक. चष्मा पिशवीत. पिशवीवर माऊ. माऊ उठली, तरच बदलेन."

तुरु तुरु, तुरु तुरु.

"माऊताई, माऊताई, ऊठ ना! नाव बदलेना, इन्व्हर्टर चालेना, बल्ब पेटेना, अंडी गार, मी काय करू?"

"मी नाही उठणार. इथे कसं छान ऊन आहे! चादरीने सावली केली, तरच उठेन."

तुरु तुरु, तुरु तुरु.

दोरीवर होती चादर. सगळी गोळा झालेली.

"चादरबाई, चादरबाई, पसर ना! माऊ उठेना, नाव बदलेना, इन्व्हर्टर चालेना, बल्ब पेटेना, अंडी गार, मी काय करू?"

"मी नाही पसरणार. वारा आला, तरच पसरेन."

तुरु तुरु, तुरु तुरु.

केळीखाली वारा पेंगत होता.

"वारोबा, वारोबा, ये ना! चादर पसरेना, माऊ उठेना, नाव बदलेना, इन्व्हर्टर चालेना, बल्ब पेटेना, अंडी गार, मी काय करू?"

"मी नाही येणार. कुणी गुदगुल्या केल्या, तरच येईन."

कुणी करणार? चुटुकने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. कुणीच नव्हतं.

मग त्याने आपलेच पंख उघडले. एवढेसे पंख! फुरु फुरु, फुरु फुरु.

"ही ही ही! पुरे, पुरे!" वारा हसत सुटला. सूं सूं सूं!

चादर पसरली. फडाड्!

सावली पडली. माऊ उठली. "म्यांव! काय हे!"

मावशीने पिशवीतून चष्मा काढला, नाकावर ठेवला. इन्व्हर्टरवर बोट फिरवलं. टिक, टिक, टिक. "हं, हा आपला देश!"

"आता कसं! ही वीज माझ्या ओळखीची," इन्व्हर्टर म्हणाला. लाल डोळा हिरवा झाला. घूं घूं घूं!

बल्ब पेटला. लख्ख!

पेटी उबदार झाली. चुटुक अंड्यांना चिकटून बसलं. बसलं, बसलं, बसूनच राहिलं.

टुक! टुक!

अंड्याला पडली एक चीर. आतून डोकावली इवली चोच. शेजारी आणखी एक!

"हळू या हं," चुटुक म्हणालं, "बाहेर मी आहे."