सुखरूप परतल्याची गाठ

फार फार पूर्वीची गोष्ट. मोठं नगर वगैरे नव्हे, उंच कड्याखाली वसलेलं चाळीस उंबऱ्यांचं एक गाव होतं, आणि त्या गावाची एक रीत होती. कुणी झाडावरून पडून, कुणी डोहात बुडून, कुणी कड्यावरून घसरून जीव गमावला, की गावच्या वडाला टांगलेल्या दोरात एक गाठ मारायची. सुटा दगड नडला असेल तर गाठीत खडा, ओलं गवत नडलं तर काडी, मधमाश्या नडल्या तर मेणाचा ठिपका. पुढच्यांनी त्यातून शहाणं व्हावं, एवढाच हेतू.

दरवर्षी दिवाळीनंतर अंबाडीचा नवा दोर वळायचा आणि जुन्या गाठी त्यात जशाच्या तशा मारायच्या. हे काम निंबाजीकडे होतं. माणूस मोठा बुद्धीचा. तीनशे अकरा गाठी त्याला तोंडपाठ होत्या, अगदी झोपेतून उठवून विचारलं तरी.

आता एवढं सगळं ज्याला ठाऊक, तो कशाला कुठे जातोय? निंबाजी आंबे खायचा ते खाली पडलेले. नदीवर गेला तर घोट्याच्या वर पाणी येऊ द्यायचा नाही. कुणी काही नवं करायचं म्हटलं की आधी त्याच्याकडे यायचं, तो गाठी वाचून दाखवायचा आणि विचारणारा गुमान घरी जायचा. गावात त्याला फार मान होता.

त्याचा धाकटा भाऊ भिवा अगदी उलट. मनाचा दिलदार, पण शहाणपणाच्या नावाने सगळा आनंद. दोराकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही.

एका उन्हाळ्यात गावचा झरा आटला. कड्याच्या पोटातून एक आडवी वाट जात होती आणि तिच्या पलीकडे बारमाही झरा आहे, असं म्हणायचे. पण त्या वाटेच्या नावाने दोरात नऊ गाठी होत्या. निंबाजीने त्या सगळ्या गावासमोर वाचल्या आणि विषय मिटला. बायका चार कोसांवरून पाणी आणू लागल्या. त्यांत या दोघांची म्हातारी आईही होती.

एके दिवशी सकाळी हंडा उतरवून आई कंबर धरून खाली बसली. भिवाने ते पाहिलं आणि कुणाला काही न विचारता तो तडक आडव्या वाटेला लागला. दुपारी कड्यावरून त्याच्या हाका ऐकू आल्या. पाय घसरून तो दोन माणसांच्या उंचीएवढा खाली एका कपारीत पडला होता, घोटा मोडला होता, आणि खाली सरळ दरी होती.

सगळं गाव वडाखाली जमलं. निंबाजीचे हात दोरावरून फिरू लागले. पहिली गाठ, दुसरी, तिसरी... नवव्या गाठीपाशी त्याला घाम फुटला.

"वाचून झालं?" आईने विचारलं.

"आई, त्या वाटेवर नऊ जण गेलेत गं."

"आणि परत आले किती?"

निंबाजी गोंधळला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"अरे, माझं माहेर पलीकडचं," आई म्हणाली. "आम्ही वीस-पंचवीस पोरी रोज त्या वाटेने गवत आणायचो. त्या झऱ्याचं पाणी प्यायचो. तुला दहादा सांगितलं. तू म्हणायचास, गाठ दाखव. सुखरूप परतल्याची गाठ कोण मारतं, बाळा?"

निंबाजीची मान खाली गेली.

"कडा चढण्याजोगे माझे गुडघे राहिले असते तर मीच गेले असते, तुला विचारलंही नसतं," ती म्हणाली. "पण ते नऊ जण नेमके कुठे चुकले, हे गावात कुणाला ठाऊक आहे?"

"मला."

"मग तुझ्याएवढा जपून पाय टाकणारा दुसरा कोण आहे?"

निंबाजी घाबरला होता, भयंकर घाबरला होता. पण तो उठला आणि त्याने वडावरचा दोर सोडवला. लोक नको नको म्हणत राहिले, पण त्याने तो खांद्यावर टाकला आणि निघाला.

काडीची गाठ आठवली तिथे त्याने वहाणा काढून हातात घेतल्या. खड्याची आठवली तिथे आधी दगड हलवून पाहिला. मेणाची आठवली तिथे पोळ्याखालून श्वास रोखून, वाकून गेला. आणि त्याला नवल वाटलं. त्या नऊ जागा सोडल्या तर मधली वाट चांगली रुंद होती, शेळी पिलांसकट चालेल एवढी. तिथे कधी काही घडलंच नव्हतं, म्हणून दोराला ती माहीत नव्हती.

उंबराच्या मुळीला टोक बांधून त्याने दोर कपारीत सोडला. वर पाहिल्यावर भिवाचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

"दादा, तू?"

"गप चढ. तिसऱ्या गाठीला जपून धर, तिथे खडा आहे."

घामाने भिवाचे हात निसटत होते, पण वितीवितीला एक गाठ हाताला येत होती. त्या गाठींना धरून, एका पायावर, तो वर आला. मग दोघे भाऊ एकमेकांना धरून रडले. रडणं ओसरल्यावर त्यांना जवळच पाण्याचा आवाज ऐकू आला.

संध्याकाळी भिवाला खांद्याचा आधार देत निंबाजी घरी आला तेव्हा दोघांचे केस ओले होते. आईने दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि झरा सापडल्याचं तिला कळलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर नवा दोर वळला. भिवा आता कुठेही निघण्याआधी दोर वाचून घेत होता, म्हणून तोही शेजारी बसला. निंबाजीने सगळ्या गाठी मारल्या, एकही गाळली नाही. मग आईचं जुनं लुगडं मागून घेतलं. कुणी सुखरूप परतलं की दर खेपेला त्याच्या नावाने एक चिंधी बांधायची, असं त्याने ठरवलं होतं. दोन चिंध्या दोघा भावांच्या झाल्या. मग त्याने आईला समोर बसवलं आणि म्हणाला, "तुम्ही पोरी गवताला जायचात, ते पहिल्यापासून सांग."

आई सांगत गेली, तो बांधत गेला. गवताच्या पहिल्या महिन्याच्या खेपाही पुऱ्या झाल्या नव्हत्या आणि लुगडं संपलं.

तात्पर्य: धोका ओळखणारी बुद्धी ही वाट नीट चालण्यासाठी असते. आणि पडलेल्यांची मोजदाद करायची, तर परत आलेल्यांनाही विचारावं.