हंडा कुणाचा

“पण बाबा, ‘केवढ्याला’ असं एकही बाई का विचारत नाही?”

विश्रामबाबांनी मान वर केली नाही. मांडीवर कुणाचा तरी नवा पितळी डबा होता. छिन्नीच्या टोकाखाली टिंबाटिंबांनी एक नाव उमटत होतं.

सुलक्षणा उभीच राहिली.

वडजाईच्या जत्रेत भांड्यांची आळी लागते. तिच्या टोकाला बाबा छत्री रोवून बसत आणि लोकांनी घेतलेल्या भांड्यांवर नावं घालून देत. पूर्वी त्यांचीही भांड्यांची पथारी होती. कुठलं भांडं पुढं ठेवायचं, ऊन कुठून पडतं, बाईचा हात आधी कशाकडं जातो, हे सुलक्षणा त्या पथारीवर, त्यांच्या हाताखाली बसूनच शिकली होती.

बाबांची पथारी जमिनीवर असे. तिनं टेबल मांडलं. पायऱ्यापायऱ्यांचं, वर लाल मखमल. खाली वाट्या, मग डबे, दोन्ही अंगांना टांगलेल्या पळ्या नि झारे. तिचं बघून साऱ्या आळीनं मखमल आणली. तेव्हा ती चारचौघांत म्हणाली होती, की शिकवलं बाबांनी खरं, पण मी त्यांच्या पुढं गेले.

ते बाबांच्या कानावर गेलं होतं.

यंदा सगळ्यात वरच्या पायरीवर तिनं एकच वस्तू ठेवली होती. तांब्याचा जुना हंडा, घासूनपुसून असा उजळलेला की आळीच्या तोंडापासून दिसावा.

आणि तो दिसत होता. बायका लांबून वळत, समोर येऊन थांबत. त्यांचं आपसातलं बोलणं बंद होई. मग एखादी हळूच विचारी, “हा कुणाचा?”

पहिल्यांदा सुलक्षणाला वाटलं, दुकान कुणाचं ते विचारते आहे. तिनं आपलं नाव सांगितलं. बाई नकारार्थी मान हलवून निघून गेली. मग दुसरी आली. मग एक सासू-सुनेची जोडी. मग पार खालच्या अंगाच्या गावांकडच्या दोघी. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. शब्द मात्र तेच. आवाजही... जवळजवळ तोच.

साधी वाटीदेखील कुणी उचलून पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं हंडा गोणपाटात गुंडाळून टेबलाखाली सरकवला आणि वर नवी कोरी घागर ठेवली. बायका आल्या. त्यांनी घागरीकडं पाहिलंच नाही. त्या खाली वाकल्या.

आज तिसरा दिवस. निदान गिऱ्हाईक थांबतं तरी, असं म्हणून तिनं हंडा परत वर ठेवला होता.

हे सगळं तिनं सांगितलं. बाबांची हातोडी टुकटुक चालू राहिली. तिचं बोलणं थांबल्यावर मात्र हातोडीही थांबली.

“आणखी?” बाबांनी विचारलं.

सुलक्षणानं पदरानं तोंड पुसलं. दुपारचं जे घडलं ते ती सांगणार नव्हती. पण सांगितलं.

भर बाराला ती पाणी प्यायला गेली होती. टेबलावर लक्ष ठेवायला शेजारच्या चिनीमातीवाल्या बशीरभाईंना सांगून गेली. येताना ती पुढच्या बाजूनं आली, गिऱ्हाईक येतं तशी. थांबली. किती वेळ थांबली ते तिला ठाऊक नाही. बशीरभाईंनी दोनदा हाक मारली म्हणे. त्यांना वाटलं, मांडणी निरखते आहे. मग तिनं त्यांच्याकडं वळून विचारलं, “हा कुणाचा?”

बशीरभाई हसले होते.

“मी थट्टा केली नव्हती, बाबा. मला खरंच कळत नव्हतं...”

बाबांनी डब्यावर फुंकर मारली, तो मालकिणीच्या हातात दिला आणि तिला वाटेला लावलं. मग विचारलं, “हंडा आला कुठून?”

मोडीत आला होता. एका गावी एक माणूस घर रिकामं करत होता. आईचा हंडा आहे, म्हणाला, वापरायला कुणाला देऊ नका, वितळवून टाका. तिनं हो म्हटलं होतं. पण असं ठोकीव काम आता कोण करतं? वितळवायला तिचं मन होईना.

“नाव होतं?”

“होतं.”

“मग?”

“जुनं नाव असलेला हंडा मांडायचा कसा, बाबा? कानस लावली. मग पॉलिशच्या चाकावर धरला. ठिपकासुद्धा राहू दिला नाही.”

शेवटचं वाक्य बोलताना तिच्या आवाजात नकळत कौतुक उतरलं. ते तिचं तिलाच ऐकू आलं.

बाबांनी हंडा आणायला सांगितलं. तिनं तो कडेवर घेऊन आणला. बाबा आपल्या पोत्यावरून उठले, तिला तिथं बसवलं, हंडा तिच्या मांडीवर दिला. एका हातात छिन्नी ठेवली, दुसऱ्यात हातोडी.

“परत घाल.”

तिनं अंगठ्यानं जागा चाचपली. गळ्याच्या खाली, उजव्या अंगाला. गुळगुळीत. छिन्नी टेकवली.

आणि थांबली.

ते नाव तिनं वाचलं होतं. कानस लावण्याआधी मोठ्यानं उच्चारलंही होतं, कोण कुठली म्हणून. आता पहिलं अक्षरही पुढं येईना. तिनं डोळे मिटले. त्या माणसाचं घर आठवलं, दारातला कडुनिंब आठवला, त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण आठवलं. नाव तेवढं नाही.

डोळे उघडले तेव्हा छत्रीभोवती बायका उभ्या होत्या. सात-आठ असतील. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. त्या हंड्याकडं पाहत नव्हत्या. तिच्या ओठांकडं पाहत होत्या.

“आठवत नाही, बाबा.”

“आठव.”

तिनं पुन्हा प्रयत्न केला. जत्रेतला पाळणा कुठंतरी करकरत होता. बायकांतली एकही हलली नाही. सुलक्षणानं छिन्नी पुन्हा तांब्यावर टेकवली... त्याचा बारीक नाद हंड्याच्या पोटातून येत राहिला.

“नाही आठवत,” ती म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता. “आता काय घालू?”

बाबांनी एकदा त्या बायकांकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

“मग तुझं घाल.”